रेघ भिंतीवरून उतरली तर?

एक कागद घ्या आणि त्यावर लाल खडूनं एक लांब रेघ ओढा. आता समजा, या रेघेला कागदावर पडून राहायचा कंटाळा आला. ती उठली, जाड झाली, भिंतीवरून खाली उतरली, जमिनीवर वेटोळं घालून बसली आणि पुन्हा भिंतीवर चढली. अजूनही ती रेघच आहे. पण आता तुम्ही तिला ओलांडून जाऊ शकता, तिच्याभोवती फिरू शकता, तिची सावली पाहू शकता. मग तिला चित्र म्हणायचं की शिल्प?

हा प्रश्न मी उगाच काढलेला नाही. अशी रेघ खरोखर आहे. ती बेंगळुरूत राहणाऱ्या एका चित्रकर्तीनं बनवली. त्यांचं नाव शीला गौडा. जगातल्या मोठमोठ्या कलासंग्रहालयांनी त्यांची कामं मांडली आहेत, आणि मला स्वतःला आज भारतात काम करणाऱ्या कलाकारांमध्ये त्यांच्याइतकं कुतूहल फार थोड्यांबद्दल वाटतं. का, ते वाचत गेलात की कळेलच. त्यांच्या कामांत शेण आहे, कुंकू आहे, उदबत्तीची राख आहे, डांबराची पिंपं आहेत आणि माणसांचे केस आहेत. म्हणजे आपल्या ओळखीचंच सगळं! आणि यातल्या प्रत्येक वस्तूच्या पोटात विज्ञानाची एकेक गंमत दडलेली आहे.

शीलाताईंचा जन्म १९५७ साली कर्नाटकातल्या भद्रावतीत झाला. पोलादाच्या कारखान्यासाठी ओळखलं जाणारं हे गाव. त्या चित्रकला शिकल्या बेंगळुरूच्या केन कला शाळेत, मग रवींद्रनाथांच्या शांतिनिकेतनात आणि मग लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ आर्टमध्ये. तिथलं शिक्षण १९८६ मध्ये संपलं. लक्षात घ्या, त्या शिल्पकला नव्हे, चित्रकला शिकल्या होत्या. सुरुवातीला तैलरंगांत चित्रंच काढत होत्या. पुढे १९९२च्या सुमारास देशात दंगली पेटल्या, माणसं माणसांवर उठली. आपल्या भोवती एवढं घडत असताना ट्यूबमधले रंग आता पुरे पडत नाहीत, असं त्यांना वाटू लागलं. आणि त्यांनी हातात घेतलं चक्क शेण.

नाक मुरडलंत का? थांबा. गाय चारा खाते, पण चाऱ्यातले सगळे धागे तिच्या पोटात पचत नाहीत. तिच्या पोटाला चार कप्पे असतात, त्यात कोट्यवधी जिवाणू राबत असतात, तरी काही चिवट तंतू उरतातच. तेच शेणात येतात. नुसत्या मातीचा लेप वाळला की आक्रसतो आणि त्याला भेगा पडतात. शेणकाल्यानं सारवलं की हे बारीक तंतू मातीला आतून धरून ठेवतात आणि भेग पसरू देत नाहीत. आपल्या पणज्यांनी अंगणं सारवली ती हे पुस्तकात वाचून नव्हे, हातानं करून पाहून.

म्हणजे शेण हा रंगही आहे आणि आकार देता येईल असा पदार्थही. कागदावर फासलं तर चित्र होतं. थापलं, साच्यात घातलं, वाळवलं तर वीट होते. शीलाताईंनी दोन्ही केलं. १९९६ मधल्या एका कामात त्यांनी शेणाच्या विटांची जमिनीवरून जाणारी एक लांब रांग मांडली आणि विटांमधल्या फटीत कुंकू भरलं. लाल रेघ! इथून तिचं भिंतीवरून उतरणं सुरू झालं म्हणायला हरकत नाही.

आता तुमच्यापैकी कुणी तरी विचारणारच, "पण हे चित्र कशाचं आहे?" मोठी माणसंही प्रदर्शनात हाच प्रश्न विचारतात. ज्या चित्रात झाड, घोडा, माणूस असं काहीच ओळखू येत नाही, त्याला अमूर्त चित्र म्हणतात. आपल्याकडचे वासुदेव गायतोंडे हे फार मोठे अमूर्त चित्रकार होते, १९२४ साली नागपूरला जन्मलेले. त्यांच्या चित्रांसमोर लोक नुसते उभे राहतात आणि रंगांत हरवून जातात. तरीही 'कशाचं चित्र' हा प्रश्न काही सुटत नाही. मी त्याला एकच उत्तर देते. दाराशी ठिपक्यांची रांगोळी घातलेली असते. ठिपके, वळसे, एकात एक गुंतलेल्या रेघा. ती रांगोळी कशाची आहे, असं कधी कुणी विचारतं का? ती डोळ्यांना आवडते, तिच्यामागून नजर फिरत राहते, बस्स. रोज सकाळी आपल्या उंबऱ्याशी अमूर्त कला असते आणि ती आपल्याला अजिबात अवघड वाटत नाही.

तर आता त्या लाल रेघेकडे येऊ. १९९८ मध्ये शीलाताईंनी जे काम केलं त्याचं नाव मराठीत सांगायचं तर 'आणि माझं दुःख त्याला सांग'. ते कसं केलं, ते नीट वाचा, कारण सगळी गोष्ट करण्यातच आहे. एक सुई घ्यायची. तिच्या नेढ्यात दोरा ओवायचा आणि ओढत राहायचं. किती? तर शेकडो फूट लांबीच्या दोऱ्याच्या बरोबर मध्यावर सुई येईपर्यंत. मग दुसरी सुई, दुसरा दोरा. मग तिसरी. अशा कितीतरी सुया झाल्या की सगळे दोरे एकत्र घ्यायचे आणि त्यांना डिंक आणि कुंकू चोळत चोळत त्यांचा एक लाल दोर करायचा. दोराच्या टोकाशी सगळ्या सुयांचा झुबका लटकतो. दोर भिंतीवरून, जमिनीवरून वळसे घेत जातो. लांबून पाहिलं तर कुणी खोलीभर लाल रेघा ओढल्यासारख्या वाटतात. जवळ गेलं की सुया चमकतात आणि आपण एक पाऊल मागे सरतो.

इतका शिवायचा खटाटोप, आणि शिवायला कापडच नाही! घराघरांतल्या बायकांनी आयुष्यभर घातलेले टाके, न दिसणारे, न मोजलेले, ते जणू सगळे एका दोरात येऊन बसले आहेत. मला हे काम फार जवळचं वाटतं ते त्यामुळे.

आता यातली विज्ञानाची बाजू. रंग म्हणजे काय असतो? कुठलाही रंग घ्या, तुमच्या पेटीतला पोस्टर कलर घ्या नाहीतर चित्रकाराचा तैलरंग. त्यात मुख्य दोन गोष्टी असतात. एक, रंगाची बारीक पूड, म्हणजे रंगद्रव्य. दुसरी, ती पूड चिकटवून ठेवणारा पदार्थ, म्हणजे बंधक. पोस्टर कलरमध्ये डिंकासारखं काही असतं, तैलरंगात जवसाचं तेल. आणि तैलरंग ज्यावर लावतात तो कॅनव्हास काय असतो? विणलेले दोरे! आता शीलाताईंचा दोर आठवा. कुंकू हे रंगद्रव्य, डिंक हा बंधक आणि दोरे म्हणजे न विणलेला कॅनव्हास. चित्राला लागणारं सगळं सामान त्यात आहे. फक्त चौकट सुटली आहे. हे मला पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्याच विचारात होते.

कुंकवाची गोष्ट तर जादूची आहे. पारंपरिक कुंकू हळदीपासून करतात, हे तुम्हाला माहीत आहे? आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं केम हे गाव कुंकवासाठीच प्रसिद्ध आहे. पण पिवळ्या हळदीचं लाल कुंकू होतं कसं? हळदीत कर्क्युमिन नावाचा पदार्थ असतो. आम्लाच्या संगतीत तो पिवळा राहतो आणि अल्काच्या संगतीत त्याच्या रेणूची रचना थोडी बदलते, त्यामुळे तो प्रकाशातला वेगळा भाग शोषून घेतो आणि लालसर दिसू लागतो. घरी करून पाहा. हळद पाण्यात कालवून कागदाच्या पट्टीवर लावा आणि वाळवा. पट्टीच्या एका टोकाला साबणाचं पाणी लावा. झालं लाल? आता त्याच लाल डागावर लिंबाचा एक थेंब टाका आणि बघा काय होतं. जेवताना कपड्यावर सांडलेली आमटी धुवायला घेतली की डाग एकदम लाल का होतो, त्याचंही उत्तर तुम्हाला मिळेल. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त कुंकवात मात्र पुष्कळदा कृत्रिम रंग असतो. तो लिंबाला दाद देत नाही.

चित्रकारानं चौकट सोडून बाहेर पडणं हे काही जगात पहिल्यांदा घडत नव्हतं. पिकासोनं १९१२ मध्ये पुठ्ठा, दोरा आणि तार जोडून एक गिटार केली होती. तोवर शिल्प म्हटलं की दगड फोडायचा, लाकूड कोरायचं, माती थापायची नाहीतर धातू ओतायचा. पुठ्ठा कापून, जोडून शिल्प करायचं, हे पॅरिसमध्येही कुणाला पचनी पडलं नव्हतं. पण पिकासोच्या पुठ्ठ्याला स्वतःची अशी काही गोष्ट नव्हती. कुंकवाला आहे. शेणाला आहे. ते आपल्यासमोर येतात तेच मुळी किती आठवणी घेऊन!

उदबत्तीचंही तसंच. बेंगळुरू आणि म्हैसूर ही उदबत्तीची गावं. तिथं कितीतरी बायका घरोघरी बसून कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि झाडाच्या सालीची चिकट पूड यांचा गोळा काडीवर वळतात. शीलाताईंनी हा गोळाच वापरला, काडी न घेता. २००७ मध्ये जर्मनीतल्या कासेल शहरात 'डॉक्युमेंटा' या जगप्रसिद्ध प्रदर्शनात त्यांनी हे काम मांडलं. बारीक जाळीच्या चौकटींवर उदबत्तीच्या लगद्याचे वळलेले आकार ठेवले आणि ते पेटवले. आकार हळूहळू जळत गेले आणि मागे राखेचं चित्र उरलं. जवळ जाऊन जोरात शिंक दिली तर काय होईल, असं तुमच्या मनात आलं असेल. माझ्याही आलं.

पण राख आकार धरून राहते कशी? उदबत्ती ज्योतीनं जळत नाही, ती धुमसते. ज्योत असते तेव्हा पदार्थातून वायू निघतो आणि तो हवेत पेटतो. धुमसताना मात्र कोळशाच्या पृष्ठभागावरच हवेतला ऑक्सिजन येऊन भिडतो. आग सावकाश, काठाकाठानं पुढे सरकते. लाकडातला कार्बन निघून जातो, पण झाडानं जमिनीतून शोषलेलं कॅल्शियम, पोटॅशियम, सिलिका यांसारखं जे असतं ते जळू शकत नाही. ते जागच्या जागी राहतं. म्हणून घरातल्या उदबत्तीची राखही कधीकधी गळून न पडता वाकडी होऊन लटकत राहते. देवघरात पुढच्या वेळी मोठ्यांच्या सोबतीनं हे पाहा. हात लावू नका, नुसतं पाहा.

आणि आता पिंपं. रस्त्याचं काम चालू असताना तुम्ही डांबराची काळी पिंपं पाहिली असतील. रिकामी झालेली पिंपं रस्त्यावर राबणारे मजूर उभी कापतात, ठोकून सपाट करतात आणि त्या पत्र्यांच्या झोपड्या उभारतात. काम पुढे सरकलं की झोपडीही पुढे. ज्यांनी आपल्यासाठी रस्ता केला त्यांचं घर त्याच रस्त्याच्या उरलेल्या पिंपांचं! शीलाताईंनी २००६ मध्ये अशाच पिंपांची एक खोली केली. नाव ठेवलं 'डार्करूम'. काही पिंपं एकावर एक रचून त्यांचे राजवाड्याला शोभतील असे खांब केले, काहींचे सपाट पत्रे करून भिंती आणि छत. आत शिरायचं तर वाकून, जवळजवळ रांगत जावं लागतं. आत काळोख. आणि वर पाहिलं की छताला पाडलेल्या बारीक भोकांतून प्रकाश येतो, चांदण्यांनी भरलेलं आभाळच!

यात भूमिती आहे. आपल्याकडच्या २०० लिटरच्या नेहमीच्या पिंपाचा व्यास साधारण ५७ सेंटिमीटर असतो. त्याला ३.१४ नं गुणा. आले ना १७९ सेंटिमीटर? म्हणजे ते पिंप उभं कापून उलगडलं तर पावणेदोन मीटरहून लांब पत्रा मिळतो, बहुतेक मोठ्या माणसांच्या उंचीपेक्षा जास्त. आणि तो न ताणता, न फाडता सपाट होतो, कारण नळकांडं एकाच दिशेनं वाकलेलं असतं. संत्र्याची साल मात्र टेबलावर सपाट करून बघा! ती फाटते, कारण गोल दोन्ही दिशांनी वाकलेला असतो. गोल पृथ्वीचा सपाट नकाशा काढताना नकाशाकारांना हाच त्रास होतो.

छतातल्या भोकांचीही एक मजा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. तुमच्या घराच्या, गोठ्याच्या किंवा शाळेच्या पत्र्याच्या छताला भोकं असतील, तर दुपारी जमिनीवर कवडसे पडतात. भोक तिकोनी असो, वेडंवाकडं असो, भोक लहान आणि छत उंच असेल तर कवडसा गोलच पडतो. कारण तो भोकाचा आकार नसतोच, ते सूर्याचं चित्र असतं! सूर्याच्या वेगवेगळ्या भागांतून निघालेले किरण त्या भोकातून आडवे-तिडवे पार होतात आणि जमिनीवर सूर्याची उलटी प्रतिमा उमटवतात. खंडग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी जमिनीवरचे सगळे कवडसे चंद्रकोरी होतात. कॅमेऱ्याचा शोध लागण्यापूर्वी हजारो वर्षं अंधाऱ्या खोल्या अशी चित्रं काढत आल्या आहेत.

शेवटी केस. आपल्याकडे गाड्यांना लिंबू-मिरची बांधतात, काळी बाहुली लटकवतात, ट्रकला काळे गोंडे लावतात. बेंगळुरूत दृष्ट लागू नये म्हणून गाडीच्या बंपरला माणसाच्या केसांची दोरी गुंडाळायची पद्धत आहे. देवळांत नवस फेडताना माणसं केस देतात. त्यातल्या लांब केसांचे टोप होतात, ते परदेशांत जातात, त्यांना चांगला भाव येतो. आखूड केसांना तितका भाव नाही. त्यांच्या दोऱ्या वळतात. शीलाताईंनी या दोऱ्या जोडत, गाठवत सुमारे ४ किलोमीटर लांबीपर्यंत नेल्या आणि त्या दोऱ्यांच्या आधारानं चकचकीत पोलादी बंपर भिंतीवर टांगले, जवळजवळ वीस. २००९ मध्ये इटलीतल्या व्हेनिस शहरात हे काम लोकांनी पहिल्यांदा पाहिलं. पुढे ते लंडनच्या टेट संग्रहालयानं आपल्याकडे घेतलं. काळ्या केसांचा ढीग, त्याच्या गुंतागुंतीच्या रेघा आणि त्यांत अडकलेलं थंडगार पोलाद. केस जड लोखंडाला उचलून धरतात, हे पाहून परदेशी प्रेक्षक थक्क झाले तर नवल नाही.

पण तसं पाहिलं तर यात नवल नाहीच. निरोगी माणसाचा एक केस साधारण १०० ग्रॅम वजन पेलू शकतो. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. गुणाकार करा: दहा हजार किलो, म्हणजे दहा टन! (त्याआधी डोक्याची कातडी तक्रार करेल, हे वेगळं.) केस बनलेले असतात केराटिन नावाच्या प्रथिनाचे. गाईची शिंगं, पक्ष्यांची पिसं आणि आपली नखं याच घराण्यातली. केराटिनमध्ये गंधकाचे अणू एकमेकांना हात धरून ठेवतात, त्यामुळे केस चिवट होतो. केस जळला की तो उग्र वास येतो, तोही या गंधकामुळेच.

आणि केसाला खवले असतात. दिसत नाहीत, पण हाताला कळतात. एक गळलेला लांब केस चिमटीत धरा आणि अंगठा-तर्जनी पुढेमागे घासा. केस आपोआप एकाच दिशेला सरकू लागेल, ज्या टोकाला त्याचं मूळ होतं त्या दिशेला. खवल्यांची तोंडं शेंड्याकडे वळलेली असतात, म्हणून तो एका बाजूला सहज घसरतो आणि दुसऱ्या बाजूला अडतो. दोरी वळली की पीळ केसांना एकमेकांवर दाबतो, खवले खवल्यांत अडतात आणि दोरी ओढाल तितकी आणखी घट्ट होते.

अजून एक हिशेब. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. एकाच केसाला ४ किलोमीटर वाढायचं झालं तर तेहतीस हजारांहून अधिक वर्षं लागतील. शीलाताईंच्या हाती तेवढी लांबी आली, कारण असंख्य अनोळखी माणसांनी आपापले थोडे थोडे केस दिले होते. कुणी परीक्षेसाठी, कुणी आजारातून बरं झाल्याबद्दल, कुणी बाळासाठी. ती सगळी माणसं त्या दोरीत आहेत. तैलरंगानं हे मला कधी सांगितलं नसतं.

२०१९ साली शीलाताईंना मारिया लासनिग पुरस्कार मिळाला आणि त्यानंतर म्युनिक शहरात त्यांच्या कामांचं मोठं प्रदर्शन भरलं. पण अशी कामं सांभाळायची म्हणजे संग्रहालयाच्या माणसांची परीक्षाच असते. तैलचित्राला काच लावता येते, दगडाच्या मूर्तीवरची धूळ झटकता येते. केसांना मात्र कसरीची भीती. लोकरीचे स्वेटर खाणाऱ्या पतंगांच्या आणि काही भुंगेऱ्यांच्या अळ्या हे जगातले असे मोजके जीव आहेत, ज्यांना केराटिन पचतं. तुम्ही-आम्ही केस गिळला तर तो जसाच्या तसा बाहेर येईल, पण तांदळाच्या दाण्याएवढी ही अळी त्यावर पोसली जाते. म्हणून संग्रहालयांत केस, लोकर, पिसं असलेल्या वस्तूंना कीड लागल्याचा संशय आला की त्या प्लॅस्टिकमध्ये हवाबंद करून शून्याच्या खाली वीस-तीस अंशांवर काही दिवस गोठवून ठेवतात. अळ्या मरतात, अंडी मरतात. केसांना काही होत नाही.

तुमच्या आजीनं लोकरीच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या का ठेवल्या आहेत, ते तिला आजच विचारा.